अंतोनचं पोट गप्प झालं तेव्हा

पोटाचे किस्से संपत नाहीत, कारण माणूस रोज जेवतो. त्यात आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर चार दारं समोरासमोर, आणि चारही दिवसभर उघडी. कोणाला काय पचलं, काय नाही, हे मला विचारावंसुद्धा लागत नाही. तरी मी विचारतेच!

*

समोरच्या कांबळे वहिनी क्लासमध्ये विज्ञान शिकवतात. उद्याचा धडा त्या आदल्या दुपारी पॅसेजमध्ये भाजी निवडत बसलेल्या आमच्यावर घोटून घेतात. पचनाचा धडा आला तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या हातात पोळीचा एकेक तुकडा ठेवला. "गिळायचा नाही. चावत राहा. लाळेने पिठाची साखर होते, गोड लागेल बघा."

आम्ही रवंथ करत बसलो. आणि खरंच गोड लागला की! फक्त शेजारच्या हंसाबेन चिडल्या. त्यांना डायबेटिस.

"इथे तोंडातच साखरेचा कारखाना आहे," त्या म्हणाल्या, "आणि तो डॉक्टर माझ्या चहातल्या एका चमच्याच्या मागे लागलाय."

*

अंतोनलाही तुकडा दिला होता. अंतोन परेरा म्हणजे माझ्या शेजारच्या दारातल्या फिलूचा नवरा, मूळचा गोराईचा, आता रिटायर. वहिनींचं वाक्य संपायच्या आत त्याचा तुकडा गायब.

"अरे, चावलास तरी का?" फिलूने विचारलं.

"पोटाला पण काही काम नको? दिवसभर बसूनच असतं."

*

दुसऱ्या दिवशी आतडी. वहिनींनी फिलूची साडी मागून घेतली आणि लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत ताणून धरली. "लहान आतडं साधारण एवढं लांब. सगळं दुमडून पोटात बसवलेलं. अन्नातला कस इथेच रक्तात जातो."

मी तर गवार निवडायचीच थांबले. एवढी साडी आपण आत घेऊन बाजारात जातो, लग्नात मिरवतो!

अंतोन ढेरीवर हात फिरवत म्हणाला, "माझी नऊवारी असणार."

*

त्याच्या पोटाला बोलायची भारी सवय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, "या ठरावाला कोणाचा विरोध?" सगळे चिडीचूप. आणि अंतोनच्या पोटातून लांबलचक गुडगुड!

सेक्रेटरींनी शांतपणे पेन उचललं. "बोला परेरा, सविस्तर बोला."

वरची गुडगुड चालायची हो, पण खालून आवाज आला की फिलू उठायची आणि जाऊन खिडकी उघडायची. ती खिडकी सरकल्याचा आवाज माझ्या किचनमध्ये येतो.

"मंदा, लग्न झाल्यापासून माझं निम्मं आयुष्य खिडकीपाशी गेलं बघ," ती मला म्हणायची.

*

गणपती झाले आणि अंतोनच्या पोटात अशी कळ उठली की त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात न्यावं लागलं. आतड्याला पीळ बसला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर आतडी झोपतात. जागी झाली की वायू सरतो. तोवर तोंडाने पाणीसुद्धा नाही. आणि जागी झालीच नाहीत, तर पोट पुन्हा उघडावं लागेल."

झालं! जी ती नर्स येऊन विचारते, "गॅस पास झाला?" बिल्डिंगच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं बंद, सकाळी उठून हाच प्रश्न. लिफ्टमध्ये कधी मान वर न करणारे दुसऱ्या मजल्यावरचे जोशी, त्यांनीही मला थांबवून विचारलं, "झाला का हो?"

झाला नव्हता. संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप अंतोनच्या पोटावर ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "अजून शांत आहे. सकाळपर्यंत बघू."

मीटिंगमध्ये ठरावाला विरोध करणारं ते पोट!

फिलूने मला बाजूला ओढलं. "उद्या परत कापतील गं. त्याच्या अंगात जीव नाही उरला. यावेळी नाही उठायचा तो."

मग काय, बसलो पलंगाभोवती. फिलूच्या हातात रोझरी, हंसाबेनच्या हातात जपमाळ, मी गणपतीला साकडं घातलेलं. कांबळे वहिनी देव मानत नाहीत, पण त्याही डोळे मिटून बसल्या. मागणं सगळ्यांचं एकच.

अंतोनने एक डोळा उघडला. "कोण मेलंय काय?"

"गप पड," फिलू म्हणाली.

तो गप पडला. आणि मग आवाज आला. आधी चोरटा, मग चांगला खणखणीत, पलीकडच्या पलंगावरच्या पेशंटने मान वळवून बघावं असा.

हंसाबेनची माळ थांबली. अंतोनने सवयीने तोंड फिरवलं. "सॉरी, फिलू."

फिलू उठली, खिडकीपाशी गेली, आणि उघडी होती ती लावून आली.