‘हात लावू नये’ ही पाटी आणि कांबळे बाई

या गौरवग्रंथात बहुतेक लेख शिक्षकांचे आणि बाईंच्या माजी विद्यार्थ्यांचे असतील. मी दोन्हींपैकी कुणी नाही. मी खेळणी विकतो. महाद्वार रोडला लागून असलेल्या एका बोळात माझं दुकान आहे, आणि आदरणीय कुसुम कांबळे बाईंनी माझं जेवढं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवलं, तेवढं समोरच्या दुकानदारानंही कधी पळवलेलं नाही. तरीही संपादक मंडळानं माझ्याकडे लेख मागितला, याचं मला समाधान आहे. मागितला नसता तर मी स्वतः जाऊन देऊन आलो असतो.

बाईंची आणि माझी पहिली ओळख चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीआधीची. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सुती साडी नेसलेल्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई आत आल्या, त्यांनी मांडणीवरची एक बाहुली उचलली आणि अंगठ्यानं दाबून तिचा डोळा उपटून काढला. मी गल्ल्यावरून ओरडलो, “ओ ताई, काय चाललंय?” त्यांनी शांतपणे पिशवीतून कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी काढली, डोळा तिच्यात टाकला, झाकण लावलं आणि डबी माझ्यासमोर ठेवली.

“मालक, ह्या डबीत जे मावतंय ते लहान पोराच्या घशात अडकतंय. ही बाहुली तीन वर्षांच्या आतल्या पोरासाठी कुणाला देऊ नका.”

शेजारी उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी हातातल्या बाहुल्या तिथंच खाली ठेवल्या. मोडली ती बाहुली मात्र बाईंनी विकत घेतली. आपल्या हातून मोडलेली वस्तू तशीच टाकून जाणं त्यांच्या स्वभावात नाही. जाताना त्यांनी दारावरच्या माझ्या पाटीकडे एकदा पाहिलं. ‘खेळण्यांना हात लावू नये’ अशी ती पाटी होती, पेंटरकडून चांगली लाल अक्षरांत रंगवून घेतलेली.

मग मी चौकशी केली. बाई राजारामपुरीतल्या एका बालवाडीत शिकवत होत्या. मूळच्या गारगोटीजवळच्या खेड्यातल्या. वडील शेतमजूर होते. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म स्वीकारला आणि पोरांनी शिकायचं हे त्याच वेळी घरात ठरलं, असं बाईंनी मला पुढे एकदा सांगितलं. बालवाडीचं प्रशिक्षण घेऊन त्या कोल्हापुरात आल्या आणि तीन ते सहा या वयाच्या मुलांत त्यांची वीस वर्षं तेव्हाच झालेली होती.

मी व्यापारी माणूस. एवढ्या मुलांच्या आयाबापांशी रोज संबंध येणारी बाई आपल्यावर नाराज असणं परवडायचं नाही, असा हिशेब करून मी बालवाडीला खेळण्यांचा एक मोठा खोका भेट म्हणून पाठवला. चार दिवसांनी त्यातली निम्मी खेळणी परत आली. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. बॅटरीच्या मोटारीवर लिहिलं होतं, “गाडी खेळते, मूल बघत बसते.” बोलक्या बाहुलीवर, “ही एकटीच बोलते. मुलांनी कधी बोलायचे?” एका रंगीत खुळखुळ्यावर, “ओल्या बोटाला रंग लागतो.” ठोकळे, चेंडू, ओवायचे मोठे लाकडी मणी आणि वाळूत खेळायच्या बादल्या तेवढ्या त्यांनी ठेवून घेतल्या. रिकामा खोकाही ठेवून घेतला, मुलांना आत बसायला.

मला राग आला होता, हे कबूल करतो. त्यात भर म्हणजे पुढच्या महिन्यापासून पालक दुकानात बाईंच्या चिठ्ठ्या घेऊन येऊ लागले. डॉक्टरांच्या चिठ्ठीसारख्याच असायच्या त्या. “वय साडेतीन. वाढदिवस. जोडायचे-काढायचे काही द्यावे. चावीचे नको.” मी महागाचं काही दाखवायला गेलो की पालक चिठ्ठी पुढे करायचे. बरं, माझ्याकडे त्या वस्तू फारशा नसतच. म्हणून मग निमूटपणे ठेवायला लागलो.

यापुढचं लिहिणं मला सोपं नाही. पण गौरवलेखात दुसऱ्याचं चांगलं लिहायचं तर आपलं चुकलेलंही लिहावं लागतं, निदान या बाबतीत तरी.

माझी मुलगी केतकी तेव्हा तीन वर्षांची होती. पत्नी सुनीता सरकारी कचेरीत नोकरीला, आईचे गुडघे दुखायचे. त्यामुळे दीड वर्षाची असल्यापासून केतकी दिवसभर माझ्याबरोबर दुकानात असायची. चारी बाजूंनी खेळणी, पण सगळी खोक्यात बंद. खोका फाटला की माल विकत नाही. म्हणून मी तिला पहिल्यापासून शिकवलं होतं, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पोरगी इतकी शिकली की खेळण्यासमोर उभी राहिली की दोन्ही हात आपोआप पाठीमागे बांधायची. गिऱ्हाइकं कौतुक करायची, “मालक, पोरगी लई शहाणी हाय तुमची.” मला अभिमान वाटायचा. ती फारशी बोलत नाही, चार मुलांत मिसळत नाही, याची काळजी होती, पण डॉक्टरांनी तपासून कान चांगले आहेत, घसा चांगला आहे असं सांगितलं होतं. बोलेल हळूहळू, असं म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या जूनमध्ये तिला बाईंच्या बालवाडीत घातलं. आमचा वाद होता तरी बालवाडी चांगली होती, हे मला माहीत होतं. पहिल्या दिवशी बाईंनी सतरंजीवर डबे, झाकणं, मणी, वाट्या असं सगळं पसरून ठेवलं होतं. बाकीची मुलं तुटून पडली. केतकी कडेला उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. बाईंनी खाली बसून विचारलं, “काय करूया गं आपण?”

केतकी म्हणाली, “बघते.”

तासभर तिनं नुसतं बघितलं. बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं, “हिला हे कुणी शिकवलं?” मी म्हणालो, “मीच. शिस्त लावलीय.” बाईंनी आत कडेला उभ्या असलेल्या केतकीकडे एकदा पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “मालक, ह्या वयातलं पोर हातानं शिकतंय. तुम्ही तिचे हातच बांधून ठेवलेत की. मला दिवाळीपर्यंतचा वेळ द्या. आणि सोमवारी दुकान बंद असतंय न्हवं तुमचं? दर सोमवारी तुम्ही पण यायचं. खाली बसून खेळायचं.”

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. दुकानात चाळीस पोरं आली तर चाळीस जणांना खेळणं दाखवणारा मी, आणि माझ्या पोरीला माझ्यामुळे एक ठोकळाही उचलता येत नव्हता.

सोमवारी गेलो. कबनूरच्या यंत्रमागावर सूत संपल्यावर उरणारे कागदी कोन एका पालकानं पोतंभर आणून दिले होते. लाल, हिरवे, पिवळे. ते मांडून मी सुरुवात केली, “केतकी, लालवर लाल ठेव. असं नाही, असं.” बाईंनी मला थांबवलं. “इथं दुकान तिचं. तुम्ही गिऱ्हाईक. ती देईल ते घ्यायचं, न्हाय दिलं तर गप बसायचं.” पहिल्या तीन सोमवारी तिनं काही दिलं नाही. मी गप बसलो. गप बसणं हा माझा धंदा नव्हे, त्यामुळे फार जड गेलं.

चौथ्या सोमवारी केतकीनं एक कोन ढकलला. हातानं नव्हे, पायाच्या अंगठ्यानं. हात लावायचा नाही एवढंच मी शिकवलं होतं, पायाचं काही बोललो नव्हतो. वस्तूला पाय लावू नये हे आपल्याकडे रक्तात असतं, माझ्या तोंडातून शब्द निघणारच होता. तेवढ्यात बाईंनी माझं मनगट असं घट्ट धरलं की बोटं उठली. कोन गडगडत माझ्यापर्यंत आला. मी तो पायानंच परत ढकलला. केतकी हसली. तासभर आम्ही बापलेक पायानं खेळलो आणि तास संपता संपता तिनं एक कोन हातात घेतला.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. पोरगी बोलत नाही याचं खापर माझी आई सुनीतावर फोडत होती. आईनं नोकरी केली की असंच व्हायचं, हे रोजचं. सुनीता बिचारी एका शब्दानं उलट बोलत नसे. हे बाईंच्या कानावर कसं गेलं देव जाणे, पण एका संध्याकाळी त्या सरळ घरी आल्या. आमच्या बाहेरच्या खोलीत काचेचं शोकेस होतं आणि त्यात पाहुण्यांनी केतकीला दिलेली सगळी खेळणी मांडलेली होती, कितीतरी प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. किल्ली आईच्या कमरेला.

“आजी, ते उघडा की जरा,” बाई म्हणाल्या.

“मोडंल की वो बाई. एवढी भारीतली खेळणी.”

“मोडू दे. पोरगी मिटून बसल्यापरीस खेळणं मोडल्यालं बरं. आणि सूनबाईंचा ह्यात काही दोष न्हाय. कुलूप तिनं घातल्यालं न्हाय.”

आई रागावली. बाई उठल्या नाहीत. चहा झाला, दिवेलागण झाली, तरी त्या तिथंच बसून सुनीताशी इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. शेवटी आईनं किल्ली काढली. मोठ्या बाहुल्या सोडून तिनं खालच्या फळीवरची पितळी भातुकली बाहेर घेतली. ती आईची स्वतःची होती, तिच्या लहानपणची. जमिनीवर बसता येत नाही म्हणणारी आई पाय पसरून खाली बसली आणि केतकीला इवल्याशा पातेल्यात खोटा चहा कसा उकळायचा ते दाखवू लागली. आठवडाभरात केतकी आम्हाला सगळ्यांना कपबशा वाटत होती आणि आईशी भांडतही होती, साखर कमी पडली म्हणून. सुनीतावरचं बोलणं त्यानंतर बंद झालं. बाईंचे आमच्या घरावर पुष्कळ उपकार आहेत, पण सुनीता आजही हाच पहिला सांगते.

मग दिवाळी आली. दुकान पुन्हा गच्च भरलेलं. एका गिऱ्हाइकानं मला हाक मारली, “मालक, तुमची पोरगी खोका फाडायलीय बघा.” मी वळून पाहिलं. जोडायच्या चाकांचा आणि पट्ट्यांचा नवा संच, दुकानातला सगळ्यात महागडा, केतकीनं खाली ओढला होता आणि दोन्ही हातांनी वेष्टन ओरबाडत होती. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. तीही थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मी गल्ला सोडून तिच्याजवळ गेलो, खाली बसलो आणि चिकटपट्टी काढायला हात पुढे केला. तिनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, “तू बघ. मी करते.”

त्या गर्दीत मी रडलो. लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी उतरवली. प्रत्येक जातीचं एक खेळणं उघडून सतरंजीवर ठेवलं, मुलांनी खेळून बघावं आणि मग घ्यावं म्हणून. बाई बघायला आल्या. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, “बरं केलंत. आता ती टिकल्यांची बंदूक पण काढा.” बंदूक मी अजून काढलेली नाही, दिवाळीत तीच जास्त खपते, आणि त्यावरून आमचं दरवर्षी वाजतं.

बाईंचा निश्चय दुसऱ्यांदा जवळून पाहिला तो दोन हजारनंतर. आजूबाजूला नवीन शाळा निघाल्या, तिथं साडेतीन वर्षांची मुलं शंभरपर्यंत आकडे लिहू लागली. संस्थेच्या सभेत एका पदाधिकाऱ्यांनी बाईंना पाट्या-पेन्सिली वाटायला सांगितल्या. बाई उभ्या राहून म्हणाल्या, “ज्या बोटांना अजून बटण लावता येत न्हाय, त्यांच्यात मी पेन्सिल देणार न्हाय. तुम्ही मला काढू शकता.” त्यांना कुणी काढलं नाही, पण पुष्कळ पालकांनी मुलं काढून नेली. बाईंनी उरलेल्या मुलांना घेऊन वर्ग तसाच चालवला, निवृत्त होईपर्यंत. शेवटी संस्थेनं बाईंचं ऐकलं, असं लिहायला मला आवडलं असतं. ऐकलं नाही. आज त्या खोलीत बाकं आहेत.

पण बाई थांबलेल्या नाहीत. साठाव्या वर्षी, आठवड्यातून तीन दिवस, त्या एसटीनं कबनूरला जातात. यंत्रमागावर काम करणाऱ्या आयांची मुलं एका भाड्याच्या खोलीत जमतात, तिथं. मागच्या महिन्यात मी बरोबर गेलो होतो. मागांच्या खडखडाटात बाई खाली बसून एका पोरीला झाकणं लावू देत होत्या आणि मला गप बसायला सांगत होत्या.

केतकी आता बारावीला आहे. तिला अभियांत्रिकीला जायचं आहे आणि घरातला मिक्सर तिनं दोनदा खोलून पुन्हा जोडला आहे. या लेखासाठी मी तिला जुनं सगळं सांगितलं, हात पाठीमागे बांधलेले, पायानं ढकललेला कोन. ती हसायला लागली. “बाबा, काहीतरी वाढवून सांगू नका. मी अशी कधी होते?” तिला बाई आठवतात, आजीची भातुकली आठवते. हात बांधून उभी राहिलेली ती मुलगी तिला अजिबात आठवत नाही.

मला वाईट वाटलं. मी बाईंना फोन करून सांगितलं, जिच्यासाठी तुम्ही एवढं केलंत तिला त्यातलं काहीच लक्षात नाही. बाई पलीकडून म्हणाल्या, “मग झालं की काम.”

म्हणूनच मला हा लेख हट्टानं लिहायचा होता. केतकीला जी आठवण नाही, ती कुणीतरी लिहून ठेवायला हवी आणि ते काम बापाचं आहे. आदरणीय बाईंना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, गुडघे आणि एसटी दोन्ही त्यांना साथ देवोत. त्यांच्या हाताखालून अजून पुष्कळ मुलं जावोत, आणि आपण कधी काही करायला घाबरत होतो हे त्यांतल्या एकालाही मोठेपणी खरं वाटू नये.