कड्याखालची जाळी

त्या सिनेमाचं मला पहिल्यापासून वावडं. पाच कमांडो, एक उभा कडा, वर शत्रूचं रडार, आणि दोन तास नुसतं दोरावर लोंबकळणं. पण दादानं तो नागपुरात कॉलेज बुडवून अकरा वेळा पाहिला होता, आणि माझ्याकडे अमेरिकेत प्लेनोला आल्यावर तर मोजायची सोयच राहिली नाही. वहिनी गेल्यावर मीच त्याला इकडे आणलं. माझी बायको त्याआधीच गेलेली, मुलगी लांब फ्रीमाँटला. दोन म्हातारे आणि हे एवढं मोठं घर. मग काय, सिनेमा तर सिनेमा!

दादा कारखान्यात क्रेन सेक्शनचा फोरमन होता. गोष्टीत त्याला काडीचा रस नाही, सगळं लक्ष दोराकडे. "ही गाठ पाह्य. भार घेत नाही ही, बाप्पा! पडते आता हा!" आणि दर वेळी एक जण पडायचाच. दुसऱ्यानं मारलेली गाठ स्वतः ओढून बघितल्याशिवाय दादानं आयुष्यात कधी भार उचलू दिला नव्हता.

थंडीत त्याचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि हॉस्पिटलमध्ये आम्हाला बोलावलं. लिहिलेलं इंग्रजी दादा सहज वाचायचा, कारखान्याची मॅन्युअलं त्यातच असत. पण इथल्या लोकांचं बोलणं त्याच्या डोक्यावरून जायचं. हॉस्पिटलनं दुभाष्या देऊ केला. मी म्हटलं, कशाला? मी सख्खा भाऊ आहे की. आपल्यात असलं काही आजारी माणसाला तोंडावर सांगतं का कोणी? वडिलांना आम्ही शेवटपर्यंत अल्सर म्हणूनच सांगितलं होतं, आणि ते ठरवलं होतं दादानंच.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, कॅन्सर यकृतात पसरलाय. औषधानं काही महिने मिळतील. भारतात जायचं असेल तर चार आठवड्यांत जाऊन घ्या, नंतर प्रवास झेपणार नाही. दादानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिव्हरला सूज आहे. गोळ्या देतायत. आणि इतक्यात प्रवास नको म्हणतात."

"मग ताईचं कसं?" त्यानं विचारलं. ताई म्हणजे आमची थोरली बहीण, नागपूरला, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायला तो पंधरा दिवसांनी निघणार होता. घरी येऊन मी त्याचं तिकीट कॅन्सल केलं. इथल्या औषधांवर माझा भलताच विश्वास होता, हे खोटं नाही. पण खरं सांगायचं तर तो गेला की परत यायचा नाही आणि मी या घरात एकटा उरेन, याची मला भीती वाटली. दुसरं काही नाही. चार आठवडे गेले, मग आणखी गेले. ताईचा फोन आला की दादा म्हणायचा, "येतो ना गं, जरा ताकद येऊ दे."

उन्हाळा लागेपर्यंत त्याचं अंग पार वाळलं. त्याला बरं वाटावं म्हणून मी लायब्ररीतून त्या सिनेमाची डिस्क आणली. तिच्यात सिनेमा कसा बनवला याची वेगळी फिल्म होती, खाली इंग्रजीत अक्षरं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती लावली.

तिच्यात एक म्हातारा खुर्चीत बसून बोलत होता. तो कड्यावरच्या स्टंटवाल्यांपैकी. सांगत होता, खाली धूर सोडला होता, धुक्यासारखा दिसावा म्हणून. आम्हाला म्हणाले, धुराखाली जाळी बांधलीय, बिनधास्त चढा. जाळी नव्हतीच. माझा जोडीदार पडला, तो पुन्हा उभा राहिला नाही. विचारणाऱ्यानं विचारलं, माहीत असतं तर चढला नसतात? म्हातारा म्हणाला, चढलोच असतो. पण माझी गाठ मी स्वतः मारली असती.

दादानं रिमोट उचलून टीव्ही बंद केला.  मग म्हणाला, "दवाखान्याचे कागद आण."

"कशाला? तुला आता कुठे वाचत बसायचं..."

"आण म्हटलं ना बे!"

कागद माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होते. आणून दिले. त्यानं चष्मा लावला आणि एकेक पान वाचलं, ओळीवर बोट ठेवून. मी समोर बसलो होतो.  चार आठवड्यांच्या ओळीपाशी बोट थांबलं.

"हे तवाच सांगितलं होतं बाईनं?"

"हो."

"अन् तू तिकीट कॅन्सल केलं."

मी रडायला लागलो. सत्तरीचा बाप्या, मुसमुसत होतो. वडिलांचं नाव पुढे करावंसं मला वाटलं, तूही हेच केलं होतंस म्हणावं. नाही म्हणालो, तेवढी तरी लाज होती. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "ताईला लाव."

तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण ताई जागीच असते. दादानं फोन हातात घेतला आणि जे मला पाच महिन्यांत जमलं नव्हतं ते एका दमात सांगितलं. "ताई, मी येत नाही. कॅन्सर आहे मला. आता विमानात बसायची ताकद नाही राह्यली."

 स्पीकरवर ताईचा बारीक आवाज आला, "कवा समजलं तुले?"

"आज."

"अन् धाकट्याले? त्याले माहीत होतं?"

दादानं माझ्याकडे बघितलं. डोळे पिवळे झाले होते त्याचे.

"नाही गं," तो म्हणाला. "त्यालेही आजच समजलं. लय रडून राह्यला बिचारा."

सतरा दिवसांनी दादा गेला. ताई आहे अजून. दर रविवारी फोन करते, माझी समजूत काढते. "तुले तरी कुठं माहीत होतं रे," म्हणते. मी हो म्हणतो.