ठकूबाईच्या हजेरीत चेअरमनसाहेब

‘‘इथं बासरी टाका,’’ तज्ज्ञ म्हणाले.

‘‘बासरी कशाला?’’ साळवेबाईंनी विचारलं.

‘‘दुष्काळ आहे ना तुमच्या नाटकात? शेवटी बासरी आली की श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.’’

‘‘यंदा तेवढंच पाणी येईल,’’ बाई म्हणाल्या आणि स्क्रिप्टची पानं त्यांनी पुढ्यातून उचलून मांडीवर घेतली.

मी तेव्हा पुण्याला रेडिओवर नाट्यविभागात कार्यक्रम अधिकारी होतो. बहात्तरचा दुष्काळ चालू होता आणि नेमका त्याच वेळी वरून आदेश आला होता की ग्रामीण भागातल्या नवलेखकांना उत्तेजन द्यावं. सरकारी उत्तेजन म्हणजे कापडी फलक, हार, मुंबईहून आलेला तज्ज्ञ आणि शेवटी आभारप्रदर्शन. या सगळ्याला जागा लागते. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यानं हॉल, गेस्ट हाऊस आणि जेवणखाण देऊ केलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात कारखाने काही एकच नाहीत, ज्याला जो वाटेल तो त्यानं धरावा.

शिबिराची पहिली सकाळ सत्कारांत गेली. चेअरमनसाहेबांनी तज्ज्ञांचा सत्कार केला, तज्ज्ञांनी चेअरमनसाहेबांचा. मग संचालक मंडळ उरलं होतं, त्यांना वाईट वाटायला नको. नवलेखक मागच्या रांगेत टाळ्या वाजवत बसले होते. जेवणानंतर तज्ज्ञांनी ‘मातीशी नातं’ या विषयावर व्याख्यान दिलं. त्यांची ग्रामीण नाटकं गाजलेली होती. दादरला राहून त्यांनी ती लिहिली होती आणि दादर सोडण्याची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

आता लेखक. राजूरहून आलेल्या एका उत्साही गृहस्थाच्या नाटकात घोडदळ होतं. रेडिओवर घोडा म्हणजे टेबलावर आपटलेल्या नारळाच्या करवंट्या, हे कळल्यावर ते फार खिन्न झाले. देवळाली प्रवराच्या एकानं सुधारित ऊसलागवडीवर नाटिका लिहिली होती. तिच्यात दोन प्रगतिशील शेतकरी पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत एकमेकांशी सहमत होते. आणि भिंगारच्या सुमन साळवे, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. त्यांचं स्क्रिप्ट मी उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि शेवटच्या पानावर खाली बसलो.

नाटक साधं होतं. दुष्काळी कामावर बायका खडी फोडतायत. ठकूबाई मुकादमाला सगळ्यांदेखत विचारते, की आम्ही फोडलेल्या खडीचं माप कमी का लिहिता. दुसऱ्या दिवशी मुकादम हजेरी घेतो. एकेक नाव घेतो, एकेक बाई ‘हाय’ म्हणते. ठकूबाईचं नाव येत नाही. ती विचारते, ‘‘आन माझं नाव?’’ मुकादम उत्तर देत नाही. बाईंनी पुढे कंसात लिहिलं होतं: शांतता. नाटक संपलं.

रेडिओत शांतता म्हणजे काय ते सांगायला हवं. केंद्रावर ड्यूटी ऑफिसर नावाचा एक माणूस दिवसभर आपलेच कार्यक्रम ऐकत बसलेला असतो. आवाज जरा थांबला की त्याला वाटतं यंत्र बंद पडलं. तो धावतो, इंजिनियरला उठवतो, मग लेखी खुलासे मागवले जातात. त्यामुळे आमच्याकडे नाटकात माणसं मरतानासुद्धा मागे सतार वाजत असे. पण ही शांतता मला हवी होती. ती काढली तर नाटकात खडीच उरली असती. मी तज्ज्ञांशी वाद घातला, ते रुसून गेस्ट हाऊसवर गेले. बासरी बारगळली. बाई मला एवढंच म्हणाल्या, ‘‘ती जागा सांभाळा साहेब. तिथं कुणालाच बोलू देऊ नका.’’ मी शब्द दिला.

समारोपाला त्यांचंच नाटक निमंत्रितांसमोर ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. त्यासाठी आमचे केंद्र संचालक, म्हणजे माझे साहेब, खास आले. बायकांच्या भूमिकेला बायका मिळेनात, म्हणून ठकूबाई स्वतः साळवेबाई झाल्या आणि बाकीच्या बायकांचे आवाज नवलेखकांनी काढले. मुकादम झाले बबनराव. हे कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते आणि जत्रेतल्या नाटकांत वर्षानुवर्षं खलनायक करत आले होते. आवाज असा, की माइक त्यांच्यापासून लांब ठेवावा लागला.

नाटक रंगलं. हॉलमध्ये खुर्ची करकरली नाही. हजेरी सुरू झाली. ‘‘भागूबाई!’’ ‘‘हाय!’’ ‘‘सखूबाई!’’ ‘‘हाय!’’ मग ठकूबाई म्हणाली, ‘‘आन माझं नाव?’’

शांतता पडली. मी कानाला हेडफोन लावून डोळे मिटले. इतकी चांगली शांतता मी नोकरीत कधी ऐकली नव्हती.

पहिल्या रांगेतले चेअरमनसाहेब मात्र कासावीस झाले. नंतर त्यांनीच मला सांगितलं, ‘‘म्हनलं पोरं आडली. लिहिल्यालं इसरली. म्हनलं आपुन हात द्यावा.’’ त्यांनी खिशातून नोट काढून सेक्रेटरीच्या हाती दिली. सेक्रेटरी वाकून स्टेजपाशी गेला आणि नोट बबनरावांसमोर धरली.

नगरकडे गावच्या नाटकात रीत असते. प्रेक्षकानं बक्षीस दिलं, की नाटक असेल तिथं थांबवायचं आणि देणाऱ्याचं नाव पुकारायचं. मग गळ्याला फास लावलेला असो की तलवार उगारलेली असो. बबनरावांचं अर्धं आयुष्य या रितीत गेलेलं. नोट दिसली आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

‘‘आपले लाडके, मानणीय, चेअरमनसायेब यांच्याकडून नाटकाला बक्षीस!’’ ते मुकादमाच्याच आवाजात गरजले. ‘‘मंडळ आभारी हाय!’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हेडफोन फेकला. रेकॉर्डिंग थांबवायला मी हात वर करणार, इतक्यात टाळ्या ओसरल्या आणि साळवेबाई, ठकूबाईच्याच आवाजात, मघापेक्षा हळू म्हणाल्या, ‘‘आन माझं नाव?’’

बबनराव त्यांच्याकडे बघत राहिले. बक्षीस पुकारल्यावर नाटक मागच्या वाक्यावरून पुढे न्यायचं असतं, आणि पुढे तर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी हातातलं हजेरीचं मस्टर फाटकन मिटलं. तो आवाज माइकनं घेतला. मग खरोखरच कुणी बोललं नाही.

‘‘मधलं सगळं कापून टाकतो,’’ मी बाईंना म्हणालो. तेव्हा रेकॉर्डिंग चकतीवर गुंडाळलेल्या टेपवर होई. नको तो तुकडा ब्लेडनं कापून टोकं चिकटवली, की झालं. ‘‘तुमची शांतता तशीच्या तशी परत मिळेल.’’

‘‘कापू नका,’’ बाई म्हणाल्या.

‘‘अहो, नाटकाचं वाटोळं झालंय!’’

‘‘झालंय ना? मग राहू द्या. मी लिहिलं होतं त्याच्यापेक्षा खरं झालंय.’’

तेवढ्यात साहेब आले. ‘‘अभिनंदन! चेअरमनसाहेब खूश आहेत. त्यांचं नाव तेवढं प्रसारणात राहायला हवं.’’

‘‘राहील,’’ बाई माझ्या आधी म्हणाल्या.

‘‘पाहा,’’ साहेब मला म्हणाले, ‘‘नवलेखकांना कळतं. आपल्या लोकांनाच कळत नाही.’’

मला खरंच कळलं नव्हतं. त्या भागातल्या दुष्काळी कामावरचा मुकादम चेअरमनसाहेबांच्या भावकीतला होता, आणि त्यानं कुणाकुणाची नावं कमी केली ते तालुक्याला तोंडपाठ होतं. पुण्यात ते कुणाला ठाऊक असणार? नाटक लागलं त्या दिवशी पारांवर, चावडीवर, हॉटेलांत रेडिओभोवती माणसं जमली. नाव कापल्याची हजेरी झाली, पाठोपाठ लाडक्या चेअरमनांचे आभार आले, त्यावर टाळ्या पडल्या आणि मग ती बाई पुन्हा आपलं नाव मागू लागली. लोक हसले म्हणे. आधी पोट धरून हसले आणि नंतर गप्प झाले. चेअरमनसाहेबांनी मात्र पाहुण्यांना बोलावून पेढे वाटले. लोक का हसतात ते त्यांना कळायला आठवडा लागला, कारण सांगायची कुणाची छाती होत नव्हती.

मग साहेबांना फोन आला. फोन ठेवल्यावर साहेबांनी मला बोलावून विचारलं, ‘‘हे स्क्रिप्ट पास कुणी केलं?’’

‘‘स्क्रिप्टमध्ये ते आभाराचं वाक्य नव्हतंच, सर. ते चेअरमनसाहेबांनी दिलं.’’

या उत्तरानं माझी नोकरी वाचली. नाट्यविभाग मात्र वाचला नाही. मला बी-बियाण्यांच्या कार्यक्रमावर नेमलं. ऑफिसनं परिपत्रक काढलं, की निमंत्रितांसमोरील ध्वनिमुद्रणात बक्षीस स्वीकारू नये. तज्ज्ञांनी शिबिराच्या अहवालात लिहिलं, की शेवटी बासरी असती तर परिणाम अधिक झाला असता. आणि टेप पुसली गेली. तेव्हा टेपा महाग असत, जुनी पुसून तिच्यावरच दुसरं काही घेत. त्या टेपवर चेअरमनसाहेबांचं सहकारावरचं भाषण घेतलं. मला त्याचं फार दुःख झालं, अजूनही होतं.

मी भिंगारला जाऊन बाईंना हे सांगितलं. त्या वर्गात फळा पुसत होत्या.

‘‘मग परत लिहिते की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘या वेळेला मुकादमाचं नाव घालूनच लिहिते.’’

त्यांनी लिहिलं. ऑफिसनं ते ‘तांत्रिक कारणास्तव’ परत पाठवलं. भिंगारच्या पोरांनी ते कारखान्याच्या दाराशी करून दाखवलं, तिथं परिपत्रक लागू नव्हतं. नवलेखकांना उत्तेजन द्यायचं असेल तर जरूर द्यावं. फक्त ते खरोखर लिहू लागले तर काय करायचं, एवढं ऑफिसनं आधी ठरवून ठेवावं.