वाटेच्या कडेचे पांढरे दगड

माझ्या नवऱ्याचं, कोलमान गॅव्हिगनचं, तोंड कधी बंद राहिलं नाही. दुधाच्या टँकरवर होता तेव्हा गोठ्यातल्या गाई ऐकायच्या, निवृत्त झाल्यावर पर्यटक ऐकायला लागले. बावीस वर्षं झाली, दर रविवारी तो ग्लेनब्राकच्या दरीत लोकांना फिरवतो. पाच हजार वर्षांची थडगी, दगडांचं रिंगण, आणि शेवटी तळ्याकाठच्या टेकाडावरचा पऱ्यांचा गड. गड म्हणजे मातीचा गोल बांध आणि मधोमध एक काटेरी झाड. पऱ्यांचा कोप होईल म्हणून आमच्याकडे त्याची काटकीही कुणी तोडत नाही, ट्रॅक्टरसुद्धा वळसा घालून जातो. थर्मास आणि केक घेऊन मी मागून चालते, आणि कोलमान थापा मारायला लागला की खोकते.

एकाच थापेला मी कधी खोकले नाही. गडाच्या आत, तळ्याच्या अंगाला, वीतभर दगड गवतात विखुरलेत. कुणी विचारलं की कोलमान म्हणायचा, शेत साफ करताना काढलेले आहेत, दुसरं काही नाही. खरं काय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या पोराला पूर्वी चर्चच्या आवारात जागा मिळायची नाही. बाप त्याला खोक्यात घालून इथं आणायचा, पुरायचा, उशाशी एक दगड ठेवायचा आणि घरी जाऊन धारा काढायला बसायचा. आईला नेत नसत. तिनं विचारायचं नाही आणि त्यानं सांगायचं नाही, अशी रीत होती.

आणि आम्ही काय केलं? पहिल्याच वर्षी एक जर्मन बाई गडावरच्या चिखलात सपशेल आपटली. कोलमाननं वाट बांधायला घेतली, कडेला लावायला दगड हवेत म्हणाला. मीच म्हटलं, ते पांढरे घे, उठून दिसतील. तो थबकला. त्यावर मी म्हणाले, "अरे, त्यांना विचारणारं आता कोण उरलंय?" तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. अकरा पांढरे दगड उचलले आम्ही. वाट मोठी देखणी झाली, लोक तिचे फोटो काढायचे.

यंदा मे महिन्यात डोलनबाई फेरीला आल्या. अट्रॅक्टा डोलन, चर्चसमोर राहणाऱ्या, वय चौऱ्याऐंशी. सगळा जन्म या दरीत गेला, पण बाई कधी गडावर चढल्या नव्हत्या. त्यांचे यजमान फिंटन हिवाळ्यात वारले होते. वर पोचल्यावर त्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या, तळ्याकडे तोंड करून तीन पावलं चालल्या आणि खाली बघत राहिल्या. मग त्यांनी कोलमानला जवळ बोलावलं. फिंटननं मरायच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, झाडापासून तीन पावलं, पांढरा दगड. साठ वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मुलगी होती.

"इथं काहीच नाही रे," त्या म्हणाल्या. "मोजायला चुकले का मी?"

कोलमाननं माझ्याकडे पाहिलं. मी नुसत्या भुवईनं वाटेकडे खूण केली. दाखव कुठलाही, म्हातारीचं समाधान होऊ दे. त्यानं कडेचा एक दगड दाखवला, पावसापाण्यानं सरकला असेल म्हणाला. डोलनबाई तिथंच ओल्या गवतात गुडघ्यांवर बसल्या. दगडावरचं शेवाळ नखानं काढलं, त्याच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलल्या. उठल्यावर त्यांनी कोलमानचा हात दोन्ही हातांत धरला, किती वेळ सोडलाच नाही. त्या आठवड्यात तो धड जेवला नाही. समजूत घालायला गेले तर म्हणाला, "गप्प बस, डिंपना."

डोलनबाई मात्र गप्प बसल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी फाटकाशी एकही पर्यटक नव्हता. गावातल्या पाच म्हाताऱ्या, प्रार्थनेला जाताना घालतात ते कोट घालून उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढे डोलनबाई. त्यांच्यातली फिलोमिना टूही म्हणाली, "कुणाचा दगड कुठला ते तुला ठाऊक आहे म्हणे. आमचेही दाखव, कोलमान."

फाटकाला धरूनच त्यानं सगळं सांगून टाकलं. "दगड मी हलवले. कुठला कुठून उचलला, आता आठवत नाही. डोलनबाई, तुमचाही असाच दाखवला." पांढरे घे असं कोण म्हणालं, खूण कुणी केली, यातलं अक्षरही त्यानं काढलं नाही. मी थर्मासचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिले.

डोलनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या म्हणाल्या, "मी तिचं नाव ऊना ठेवलंय. आता तो दगड मी सोडायची नाही. दुसऱ्या कुणाचा असेल, तर त्या लेकरालाही नाव नव्हतंच."

तरी सगळ्या वर चढल्या. फिलोमिना वाटेवरून एकेका दगडापाशी थांबत शेवटापर्यंत गेली आणि तशीच परत आली. कोलमानकडे तिनं पाहिलंही नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"डिंपना, तू तरी सांग," ती म्हणाली. "मी यातला कोणता घेऊ?"

मला कुठल्याच दगडाकडे बोट करता आलं नाही.