उखळाचा वास

त्या उन्हाळ्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती मोबाईलची. वडिलांनी कारखान्यातल्या सोबत्याकडून तो जुना हँडसेट घेतला होता आणि माझ्याच हट्टाने त्याचा नंबर केबलवरच्या जाहिरातीत गेला होता. आमच्या कांडपाच्या शेडमध्ये तो खिळ्याला, प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला असे. वाजला की आई मशीन बंद करायची आणि माझ्याकडे बघायची. तिचे हात मिरचीचे, म्हणून ती उचलायची नाही. माझे हात कोरडे असले तरी मला उचलवायचा नाही. कॉलेजात मी ‘बोलते’ म्हणायला शिकले होते. घरी आम्ही सगळ्या बायका ‘बोलतो’च म्हणायचो. फोनवर कोणतं म्हणावं हे ठरेपर्यंत तो बंद पडायचा.

“कट झाला,” मी म्हणायचे.

“झाला न्हाय, केलास तू,” आई म्हणायची आणि मुसळं पुन्हा सुरू व्हायची.

आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघर वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, देठ काढायचे, धने-जिरे-खोबरं भाजायचं, कांदा-लसूण तेलावर परतायचा आणि हे सगळं घेऊन कांडपावर जायचं. जिची चटणी ती समोर बसते. तोंडाला पदर बांधून, शिंका देत; पण उखळावरची नजर हलवत नाही. नजर हलली आणि दुसरीची मिरची आपल्यात पडली, तर वर्षभर दुसरीच्या घरचं खायचं. म्हणून आपलं पोतं कांडपावर ठेवून कुणी कधी जात नाही. सख्ख्या बहिणीच्या भरवशावरही नाही.

आईने घरासमोर पत्र्याची शेड घालून दोन उखळांचं मशीन बसवलं होतं. पहिल्या वर्षी फक्त आमच्या वस्तीतल्या बायका आल्या. त्यांच्या चटण्या लवकरच उरकल्या, मग मशीनवर पोतं टाकून आई पुन्हा लोकांच्या शेतात भांगलणीला जायला लागली. “औंदा चाललं तर चाललं, न्हायतर इकून टाकू,” असं वडील म्हणाले होते. ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली. माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष पुढे होतं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मशीन गेलं तर मीही उतरणार हे कुणी न सांगता मला कळत होतं.

जाहिरातीचं डोक्यात आलं ते वर्गात. मार्केटिंग शिकवणारे सर म्हणाले होते, ज्याच्याकडे कुणी बघत नाही असं गिऱ्हाईक शोधा. माझ्या बाकावरची मैत्रीण जैन होती. तिच्या घरची चटणी अजून हाताने कुटत, कारण कुठल्याही कांडपाच्या उखळात लसूण असतोच. मला वाटलं, हेच ते गिऱ्हाईक. केबलच्या ऑफिसात जाऊन मी एका कागदावर मजकूर लिहून दिला : मिरची व मसाला कांडून मिळेल. जैन चटणी स्वतंत्र. खाली फोन नंबर आणि पत्ता.

पत्त्यापाशी माझा हात थांबला. आमच्या शेडची खूण एकच होती, समोरचा बुद्धविहार. ते लिहिलं की आम्ही कोण हे सगळ्या शहराला कळणार. कॉलेजात मी आडनाव जरा हळू सांगायचे. काही मुली ते ऐकून नुसतं “अच्छा” म्हणायच्या, आणि त्या ‘अच्छा’चं काय करायचं हे मला कधी समजलं नाही. मी लिहिलं, ‘पाण्याच्या टाकीजवळ’.

त्या संध्याकाळी सिनेमाच्या खालून ती पट्टी सरकत गेली. आईला अक्षरं सावकाश वाचता येत, पट्टी पळायची, म्हणून मी वाचून दाखवली.

“टाकी?” वडील म्हणाले. “टाकी कुठं हाय आपल्यापाशी?”

“पलीकडच्या गल्लीत. इथनं दिसती की.”

“आन् समोरचा विहार दिसत न्हाय व्हय तुला?”

मी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांनी डबा उचलला आणि ते कारखान्यातल्या पाळीवर निघून गेले.

आईचा प्रश्न वेगळा होता. “सोतंत्र म्हंजे काय गं?”

“वेगळी. लसणाशिवायची.”

“उखळं दोनच हायत माझी. दोन्हीत लसूण.”

“एक धुऊन घेऊ.”

“लोखंड हाय ते बाई, ताट न्हवं धुवायला.”

पण पट्टी सुटली होती. पुढचे काही दिवस फोन वाजला की मला वाटायचं, आली जैन चटणी. वडील घरी असले तर ते उचलायचे; कुणी भाव विचारायचं, कुणी टाकी कुठली ते विचारायचं. दोन-तीन नवीन बायका आल्याही, पण त्या कांदा-लसणाच्या. मला हायसं वाटलं. कदाचित ती ओळ कुणी वाचलीच नसेल.

मग एका दुपारी रिक्षा थांबली. उतरल्या त्या बाई घामाने भिजल्या होत्या, आणि रिक्षावाल्याने त्यांच्यामागून मिरच्यांचं पोतं आणि मसाल्यांची पिशवी उतरवली.

“टाकीजवळ म्हणं!” त्या पहिल्यांदा एवढंच बोलल्या. “टाकीला दोन चकरा मारल्या. तिथला पानपट्टीवाला म्हणतोय, कांडप व्हय? मग विहारासमोर जावा की.”

म्हणजे आम्ही कोण हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून त्या आल्या होत्या, आणि लपवणारी मी एकटीच होते. आतल्या दोन्ही उखळांत त्या वेळी लसणाची चटणी चालली होती आणि शेडमध्ये उभं राहवत नव्हतं.

त्या उंबऱ्यातच थांबल्या. “जैन चटणीचं उखळ कुठलं?”

आईने मशीन बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. फोन वाजल्यावर बघायची तशीच. या वेळी कट होणार नव्हतं.

“वेगळं उखळ नाही,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच कमी ऐकू आला. “उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. तोवर एक उखळ आम्ही स्वच्छ करून ठेवतो.”

“मग पट्टीत सोतंत्र कशाला म्हणायचं?”

त्यांनी माझ्याकडे, मग पोत्याकडे बघितलं. म्हणाल्या, “सासूबाईंचा नियम हाय. लसणाचा हात लागलेलं सुदीक चालत न्हाय त्यास्नी. इतकी वर्सं मीच कुटत आलो घरात. आता ह्या मनगटानं मुसळ उचलत न्हाय.” त्यांनी उजवं मनगट दाखवलं, त्याला पट्टा होता. “पोतं माघारी न्यायचं म्हंजे पुन्हा रिक्षा. ऱ्हाऊ दे हितंच. सकाळी येतो.”

त्या गेल्यावर आई पोत्यापासून दोन पावलं लांब सरकली, जणू ते जिवंत होतं. “ठेवून गेली गं,” ती म्हणाली. “कोण ठेवून जातं का असं?”

लसणाच्या चटणीचे शेवटचे डबे घेऊन बायका गेल्या, तेव्हा आम्ही डावं उखळ धरलं. आधी राखेनं घासलं, मग कढत पाणी, मग जाडं मीठ घालून मुसळ चालवलं. मग तांदूळ कांडले आणि ते कोंबड्यांना टाकले, पुन्हा तांदूळ कांडले. दर वेळी आई वाकून वास घ्यायची आणि मला घ्यायला लावायची.

“येतोय का?”

“न्हाय.”

“लसणाचाच येत न्हाय, का कशाचाच येत न्हाय?”

मी घरात जाऊन बुद्धाच्या तसबिरीपुढची उदबत्ती नाकाशी धरली. काहीच कळलं नाही. केशतेलाची बाटली उघडली. तेही नाही. महिनाभर त्या शेडमध्ये बसून आमची नाकं मेली होती. वडील आले, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “माझ्या नाकात ऑईल हाय, मला इचारू नगा.” शेजारची काकू आली, तर तिने घरात नुकतीच फोडणी दिलेली. आमच्या सगळ्या वस्तीत त्या रात्री लसणाचा वास ओळखेल असं नाक नव्हतं.

तेव्हा मला खरी भीती वाटली. उखळात वास असता तर घासता आला असता. आहे की नाही हेच कळत नव्हतं, आणि कुठल्या तरी घरात एक म्हातारी बाई माझ्या एका ओळीवर भरवसा ठेवून जेवणार होती. तिने खाल्लं तर तिलाही कदाचित कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. हे सारखं मनात येत होतं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटत होती.

सकाळी आई म्हणाली, “नवाला लाईट जाती. ती बाई यायच्या आत कांडून मोकळं होऊ. घासलंय की एवढं.”

“तिला आधी वास घेऊ दे.”

“आन् आला वास तर? पोतं घेऊन जाईल. चार घरांत सांगंल.”

“पट्टीत मी लिवलंय, आई.”

आईने हात झटकले. “मग तूच सांग तिला. मी न्हाय सांगत.”

बाई आल्या तेव्हा नऊला थोडाच वेळ होता. मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. “आम्ही खूप वेळा धुतलंय,” मी म्हणाले. “तांदूळपण कांडले. पण आम्हाला वास कळत नाही. आमची नाकं गेलीत. तुम्ही बघा. येत असेल तर आम्ही कांडत नाही.”

त्यांनी चप्पल बाहेर काढली. उखळ जमिनीत पुरलेलं होतं, गुडघे टेकल्याशिवाय नाक पोचायचं नाही. आमच्या शेडच्या जमिनीवर त्यांनी गुडघे टेकले, पदर मागे घेतला आणि मान आत घातली. बराच वेळ त्या तशाच होत्या. आईने माझा दंड धरला होता.

“येतोय,” त्या आतूनच म्हणाल्या. “कडंला, खाली. बारीक हाय, पर हाय.”

आई पुढे झाली आणि पोतं उचलायला वाकली.

“कुठं नेताय ते?” बाई उठून हात झटकत म्हणाल्या. “माझ्या पिशवीत धने हायत, जास्तीचेच आणल्यात. ते कांडा आन् टाकून द्या. तांदळानं जात न्हाय वास, धन्यानं जातो.”

आईने धने टाकले, बटण दाबलं, मुसळ एकदा वर गेलं आणि लाईट गेली.

मग आम्ही तिघी बसून राहिलो. आईने तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवला. “गाळलेलंच घेतो बाई आम्ही, राग नगा मानू,” असं म्हणून त्यांनी पिशवीतून आपली बाटली काढली. आई म्हणाली, “त्यात काय राग.” तेवढंच कारण होतं की आणखी काही, हे मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मात्र मी तांब्याकडे बघत सगळा वेळ तेच ठरवत होते, आणि ठरलं नाही.

हळूहळू बाहेर लसणाच्या बायका जमल्या.

“आमची बारी कवा गं?” एकीने ओरडून विचारलं.

“लाईट आली की आदी ह्यांची,” आई म्हणाली. “आन् लसूण घेऊन आत पाय टाकलास तर तुझीच चटणी करीन.”

“अगं पर उशीर हुतोय!”

“मग घरी जाऊन हातानं कूट जा. मनगट बरं हाय की तुझं.”

ते ऐकून आतल्या बाई पहिल्यांदा हसल्या.

लाईट आल्यावर धने कांडले, टाकले, पुन्हा कांडले. त्या पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. या वेळी मी बघितलंच नाही, दाराकडे तोंड करून उभी राहिले.

“आता न्हाय,” त्या म्हणाल्या.

त्यांची चटणी होईपर्यंत त्या उखळासमोरून हलल्या नाहीत. डबा बंद करून निघताना मला म्हणाल्या, “सासूबाईस्नी सांगतो सगळं. उखळात काय होतं तेबी सांगतो. मग खायचं का न्हाय ते त्यांचं त्या बघतील.”

म्हणजे अजून संपलं नव्हतं. पुढच्या दिवसांत फोनकडे मी चोरासारखी बघायचे. वाजला तर भीती, नाही वाजला तर जास्त. डावं उखळ आईने रिकामं ठेवलं होतं, लसणाची गर्दी असतानाही.

एका सकाळी तो वाजला आणि मी विचार न करता उचलला. “हां, बोलतो,” मी म्हणाले.

“मी, पट्ट्याच्या हाताची,” तिकडून आवाज आला. “खाल्ली सासूबाईंनी. कांडपावरच्या पोरीनं आदी सांगितलं म्हणून खाल्ली म्हणाल्या. नणंदंची हाय आता, सकाळचा नंबर ठेवा. तिला पत्ता विहारासमोर म्हणूनच सांगितलाय, तुमच्या टाकीच्या नादाला लावलं न्हाय.”

त्याच दुपारी मी केबलच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने माझा नवा कागद वाचला आणि खुर्ची मागे सरकवली. “‘जैन चटणी फक्त सकाळी. आधी उखळाचा वास घेऊन खात्री करावी.’ ही काय जाहिरात झाली? गिऱ्हाईक भिऊन पळंल की, ताई.”

“भिऊ देत,” मी म्हणाले. मीही भ्यालेच होते.

तो हसत टाइप करत गेला. पत्त्याशी आल्यावर त्याचं बोट थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“विहारासमोर,” मी म्हणाले. “बुद्धविहार. पूर्ण लिहा.”

त्याने लिहिलं. भिंतीवरच्या टीव्हीत कुठल्याशा सिनेमाखालून माझी ओळ निघाली. पत्ता पडद्याच्या दुसऱ्या कडेला जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.