पंख्याचा पाइप

कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण फाटकावरचा वॉचमन तिचा नवरा होता आणि तो सगळ्यांचा दादा होता. तिचं काम गरम प्रेसवर. साच्यात कच्च्या रबराची पट्टी ठेवायची, प्रेस दाबायचा आणि उघडला की चटके सोसत वायसर सोलून काढायचे. साचा उघडला की धूर थेट तोंडावर. आधी डोळे चुरचुरायचे, मग घसा धरायचा, संध्याकाळपर्यंत डोकं जड. घरी गेली की पाठ टेकायची, मग तिला जेवायलाही उठवत नसे.

मोठी ऑर्डर आली तशी सुपरवायझरने प्रेसची उष्णता वाढवली. माल भराभर निघू लागला, पण साच्याच्या कडेला राहिलेलं रबर जळायचं आणि धूर पिवळट यायचा. शेजारच्या प्रेसवरची बाई चक्कर येऊन खाली बसली. वहिनीने दोन्ही प्रेस बंद केले.

"कुणी सांगितलं बंद करायला?" सुपरवायझर आला.

"कुणी नाही. उष्णतेचा काटा खाली आणा आणि इथे पंखा बसवा. नाहीतर उद्यापासून आम्ही दोघी येत नाही."

"वहिनी, रबर म्हटलं की वास येणारच."

"वासाचं कोण बोलतंय? श्वास घेता येत नाही."

ऑर्डर डोक्यावर होती, म्हणून त्याने ऐकलं. धूर बाहेर ओढणारा पंखा बसला. वहिनी घरच्यांबरोबर बसून जेवू लागली.

मग दादाला खोकला लागला. हवा बदलली, म्हणायचा. एकदा डबा द्यायला ती मागच्या बाजूने गेली, तर पंख्याचा पाइप भिंतीतून निघून नेमका त्याच्या फाटकाजवळच्या केबिनच्या खिडकीशी संपलेला.

"अहो, बोलला का नाहीत?"

"तू धड जेवायला लागलीस. काय बोलू?"

तिने सुपरवायझरला गाठलं. पाइप छतावर न्या म्हणाली. "वर कळवलंय," तो म्हणाला. पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, "मग पंखा बंद करू का?" ती प्रेसवर परत गेली. नंतर तिने विचारणंच सोडलं.

शेवटी दादानेच खुर्ची रस्त्यापलीकडे नेली. ट्रक आला की तो दुखरा गुडघा सांभाळत येतो, श्वास रोखून फाटक उघडतो आणि परत जातो. आतून वहिनीला फक्त हॉर्न ऐकू येतो. हॉर्न लांबला की तिला कळतं, आज गुडघा जास्त दुखतोय.