पुलावरची निळी गोधडी

आमच्या कॉलनीजवळच्या पुलाच्या कठड्यावर सध्या एक लांबलचक निळी गोधडी टांगलेली आहे. खालची नदी आता होळीआधीच आटते. इथे पाणी होतं हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना आठवावं, म्हणून कॉलनीतल्या बायकांनी घरोघरची निळी कापडं मागून ती शिवली.

नोकरीसाठी मी या शहरात एकटी राहते. बोलावणं आलं तेव्हा मी हौसेने दुकानातून नवं निळं कापड घेऊन गेले. टाके घालत बसलेल्या शांताकाकू हसल्या.

"अगं, गोधडीत कुणी कोरं कापड घालतं का? एवढी शिकलीस, पण आईने हे नाही शिकवलं वाटतं! वापरून मऊ झालेलं आण."

माझ्या खोलीत तसं एकच कापड होतं. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. निघताना आईने आपल्या निळ्या लुगड्याच्या तुकड्यात माझी पुस्तकं बांधून दिली होती. आई आता नाही. तो तुकडा मी नेला खरा, पण हातातून सुटेना.

काकूंनी माझ्या हाताकडे पाहिलं. "अर्धाच दे," म्हणाल्या, आणि कात्री माझ्याच हातात दिली.

आता कामावरून परतताना मी पुलावर थांबते आणि तो तुकडा शोधते. उन्हाने सगळीच कापडं हळूहळू एका रंगाची होत चालली आहेत. नदीही लोक अशीच विसरले असतील, एकेका उन्हाळ्याने.

काल माझा तुकडा मला सापडलाच नाही. खोलीवर येऊन मी उरलेला अर्धा तुकडा पर्समध्ये ठेवला, आज जुळवून बघण्यासाठी.